हातातील दफ्तर : एका पुस्तिकेची प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे गाव लेखी पुराव्याला नवखे नाही. ज्या गावाला पूर्वी भांदक म्हणत, आणि रेल्वेच्या फलकावर जे आजही भांदकच आहे, त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा, ताम्रपट अभ्यासकांस सुपरिचित असून, त्याचे वाचन विष्णु सीताराम सुकथणकर यांनी 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केले आहे. दान देणाऱ्याच्या पश्चात, घेणाऱ्याच्या पश्चात आणि साक्षीदारांच्याही पश्चात तो व्यवहार कोणाला नाकारता येऊ नये एवढ्याचसाठी राजांनी तांब्यासारखा टिकाऊ धातू पत्करला. परंतु नुसता टिकाऊपणा पुरेसा नसतो. लेख अस्तित्वात असणे ही एक गोष्ट आणि वेळ येताच तो काढून पुढे ठेवता येणे ही दुसरी. प्रस्तुत पुस्तिका केवळ या दुसऱ्या गोष्टीसाठी लिहिलेली आहे, आणि तिचा विषय तांब्याचा पत्रा नसून मोबाइल फोनमध्ये उतरवून घेतलेली, म्हणजे बोलीत 'डाउनलोड केलेली', फाइल हा आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्यांना तो तसा वाटतो त्यांनी तहसील कचेरीबाहेरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारची एक घटका उभे राहून पाहावे. पीककर्जासाठी आलेला शेतकरी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आलेली विद्यार्थिनी, कोळसा खाणीसाठी संपादित झालेल्या जमिनीच्या मोबदल्याची नोटीस घेऊन आलेला वृद्ध खातेदार, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला कामगार, अशी नाना प्रकारची माणसे तेथे येतात, आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी फोनच्या काचेवर बोट फिरवीत, आपल्या वऱ्हाडी-झाडी वळणाच्या बोलीत, "डाउनलोड त झालं म्हणते, पण दिसून नाही राहिलं" असे म्हणत असतोच. दुकानदार फोन हातात घेतो, दोन-तीन ठिकाणी बोट लावतो, आणि कागद बाहेर येतो. त्याने नेमके काय केले हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि दुकानदाराला ते सांगण्याची फुरसत नसते. सांगणे त्याच्या धंद्याच्या हिताचेही नाही, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

ही अवस्था उत्पन्न होण्यास लोकांचे अज्ञान कारण आहे असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. कारण निराळे आहे. पूर्वी कागदाला राखणारा असे. पेशवाईच्या दफ्तरातील कागदांचे रुमाल बांधणारे आणि सोडणारे कारकून वेगळे नेमलेले असत. त्या दफ्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस खंडांतून बाहेर काढण्यास गोविंद सखाराम सरदेसायांसारख्या इतिहासकाराला मदतनिसांची फळी जवळ बाळगावी लागली. पुढे इंग्रजी अमलात आणि त्यानंतरही प्रत्येक कचेरीत बारनिशी राहिली, म्हणजे आलेला कागद कोणत्या तारखेला, कोणाकडून आला आणि कोणाच्या मेजावर गेला याची नोंद करणारी शाखा राहिली, व अभिलेख कक्षात एक मनुष्य राहिला ज्याला कोणत्या फळीवर कोणत्या सालचा गठ्ठा आहे हे पाठ असे. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारने कागद नागरिकाच्या हाती थेट द्यावयास आरंभ केला ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट घडली, परंतु कागदाबरोबर दफ्तरदाराचे कामही नागरिकाच्या माथी आले आणि त्या कामाची तालीम मात्र कोणीच दिली नाही. प्रत्येक मनुष्य विनानेमणूक, विनावेतन आपल्या स्वतःच्या दफ्तराचा दफ्तरदार झाला. तेव्हा शिकावयाचे आहे ते यंत्रशास्त्र नव्हे, दफ्तरदारी होय. आणि दफ्तरदारीचा पहिला प्रश्न सनातन आहे : हा कागद आला कोणाकडून?

फोनमध्ये फाइल हरवते ती बहुधा या एका प्रश्नाचा विसर पडल्यामुळे. फोन कागद विषयवार लावीत नाही. सातबारे एकीकडे, दाखले दुसरीकडे, पावत्या तिसरीकडे अशी व्यवस्था त्याला ठाऊक नाही. ज्या अ‍ॅपने कागद आणला त्या अ‍ॅपच्या रिवाजाप्रमाणे तो ठेवला जातो. क्रोमसारख्या ब्राउझरमधून संकेतस्थळावरचा कागद उतरवला, तर तो फोनच्या अंतर्गत साठ्यातील 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरमध्ये पडतो, आणि त्याच ब्राउझरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून 'डाउनलोड' ही ओळ निवडली असता त्याची यादी तारीखवार समोर येते. जीमेलमधून उतरवलेली जोडपत्रेही सामान्यतः त्याच फोल्डरमध्ये जातात. परंतु पत्राबरोबर आलेला कागद नुसता उघडून वाचणे आणि तो उतरवून घेणे यांत भेद आहे, आणि वाचला म्हणजे जवळ आला या समजुतीने फसलेल्यांची संख्या थोडी नाही. व्हॉट्सअ‍ॅपने आणलेला कागद मात्र 'डाउनलोड'मध्ये जात नाही. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचे स्वतंत्र फोल्डर असते, आणि २०२० साली आलेल्या अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या साठ्यात हात घालू नये या धोरणामुळे, ते 'अँड्रॉइड' व त्यातील 'मीडिया' अशा दोन-तीन पडद्यांआड गेले आहे. तेथवर पायपीट करण्याची गरज नाही. ज्या व्यक्तीने अगर ज्या ग्रुपने कागद पाठवला त्याच्या नावावर बोट ठेवले की मीडिया, लिंक व डॉक्स यांची ओळ दिसते, आणि तिच्यातील 'डॉक्स'मध्ये त्या संभाषणातले सारे कागद ओळीने उभे असतात.

आपली माणसे शोधतात कोठे? गॅलरीत. फोनमध्ये काही 'ठेवले' म्हणजे ते गॅलरीत असणार, ही समजूत छायाचित्रांच्या सवयीने इतकी दृढ झालेली आहे की ती प्रयत्नाने मोडावी लागते. गॅलरी ही चित्रे व चलत्चित्रे यांचे आवार आहे. पीडीएफ हा प्रकार तेथे येत नाही, आणि तेथे सातबारा शोधणे म्हणजे हरवलेल्या बैलासाठी कोंबड्यांचे खुराडे धुंडाळण्यापैकी आहे. शोध घ्यावा तो फाइलींसाठी असलेल्या अ‍ॅपमध्ये, ज्याला सॅमसंगच्या फोनमध्ये 'माय फाइल्स', शाओमीच्या फोनमध्ये 'फाइल मॅनेजर', इतर अनेक फोनांत गुगलचे 'फाइल्स' आणि आयफोनमध्ये २०१७ पासून 'फाइल्स' असेच नाव आहे. या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' असे एक दालन असते आणि कागदपत्रांचे म्हणून दुसरे. या दुसऱ्या दालनाचा गुण असा की अँड्रॉइडवर ते निरनिराळ्या फोल्डरांत विखुरलेले पीडीएफ एकत्र मांडून दाखवते. कोणाकडून आला हे आठवतच नसेल, तर तेथे जाऊन यादी तारखेप्रमाणे लावावी. नावाने शोधू पाहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव अधिक, कारण सरकारी संकेतस्थळावरून उतरलेल्या कागदाचे नाव पुष्कळदा आकड्यांची लांबलचक माळ असते, आणि ज्या नावात देवनागरीचा लवलेश नाही ते 'सातबारा' असे टंकून सापडणार कसे? तारीख मात्र खोटे बोलत नाही. एकच कागद पुनःपुन्हा उतरवणाऱ्यांच्या यादीत त्याच नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे दिसतात. ती सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागवलेल्या नकलांची नोंद आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला दर नकलेस पंधरा रुपये पडतात हे ध्यानी घेता ती तोट्याची नोंद आहे.

कित्येक वेळा कागद फोनमध्ये आलेलाच नसतो. सेतू केंद्रात अगर ऑनलाइन सेंटरवर कागद उतरतो तो केंद्रचालकाच्या संगणकात. अर्जदाराच्या हाती येते ती केवळ छापील प्रत. महिन्याभराने तो 'माझी फाइल' म्हणून आपल्या फोनमध्ये शोधतो, तेव्हा त्याचा शोध प्रामाणिक असूनही व्यर्थ असतो. केंद्रातून उठण्यापूर्वी फाइल आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्यावी आणि ती तेथेच बसून एकदा उघडावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचे नाव दिसणे म्हणजे कागद उतरणे नव्हे. बाण दाबून तो उतरवावा लागतो, आणि फार दिवस तसाच राहू दिला तर पुढे तो उतरेलच अशी शाश्वती नाही. भद्रावती शहरात वा वरोऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ही अडचण फारशी जाणवत नाही. ताडोब्याच्या कडेची गावे, किंवा वैनगंगा ओलांडून धानोरा, एटापल्ली, भामरागडकडचा मुलूख घेतला, म्हणजे तिचे स्वरूप कळते. नेटवर्क मध्येच तुटते, फाइल अर्धी राहते, आणि ती उघडू गेल्यास फोन 'उघडता येत नाही' एवढेच सांगतो. अशी अपुरी फाइल काढून टाकून नव्याने उतरवणे हाच उपाय. उलटपक्षी पुरती उतरलेली फाइल उघडण्यास नेटवर्काची काडीमात्र आवश्यकता नाही, ही गोष्ट जंगलातील माणसाला तोंडपाठ असावयास हवी. रेंज असलेल्या टेकडीवर अगर बाजारच्या गावी कागद उतरवून ठेवणारा मनुष्य कोठेही तो दाखवू शकतो.

सापडलेला कागद उघडत नाही, हा दुसऱ्या जातीचा तंटा. त्यात आधारचा ई-कागद प्रमुख. त्याला कुलूप असते आणि त्याची किल्ली म्हणजे आधारवर छापल्याप्रमाणे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे व त्यापुढे जन्माचे साल. ई-पॅनची किल्ली जन्मतारखेचे आठ आकडे. पहिल्या प्रकारात आपण आपले नाव कसे लिहितो याला किंमत नाही, आधारच्या नोंदीत ते कसे चढले आहे यालाच आहे. नोंदणीच्या शिबिरात ज्यांच्या नावाचे एखादे अक्षर बदलले, किंवा ज्या वृद्धांचे जन्मवर्ष अंदाजाने भरले गेले, त्यांची किल्ली त्यांच्या स्वतःच्या स्मरणात नसून त्या नोंदीत आहे, म्हणून छापील आधार समोर ठेवूनच ती भरावी.

लिपीचा घोटाळा याहून जुना. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी कचेऱ्यांतून मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी इत्यादी फाँटांत टंकला जाई, आणि आजही काही ठिकाणी जातो. असा मजकूर वर्डच्या फाइलमधून फोनवर आला आणि फोनमध्ये तो फाँट नसला, तर ग्रामसभेचा ठराव इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन रांगेत दिसतो. वाचणाऱ्याला वाटते फाइल बिघडली. फाइल धड असते. पाठवणाऱ्याने ती पीडीएफ करून पाठवली तर प्रश्न मिटतो, कारण अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली आणलेल्या व २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या या प्रकारात अक्षरांची वळणे फाइलबरोबरच बांधून पाठवता येतात, आणि कागद जसा लिहिला तसाच दुसऱ्याच्या पडद्यावर उमटतो.

येथे एका अनर्थाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. लोक सापडलेला कागद पुन्हा हरवू नये म्हणून त्याचा स्क्रीनशॉट काढतात, कारण तो निदान गॅलरीत दिसतो. वाचण्यापुरते ते ठीक. परंतु १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला त्याची स्वाक्षरी शाईची नाही. ती फाइलच्या पोटात गणिती रूपाने गुंफलेली आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये तिला मान्यता आहे. मूळ फाइलीत एक अक्षर फिरवले तरी ती स्वाक्षरी बदल झाल्याचे उघड करते. स्क्रीनशॉटमध्ये स्वाक्षरी नसते, असते तिचे चित्र. तेच फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून लहान करते आणि गट क्रमांकाचे आकडे पुसट होतात. कागद पुढे धाडावयाचा तो मूळ पीडीएफ, 'डॉक्युमेंट' म्हणून; छापून दिलेल्या प्रतीची शहानिशा कागदावरील पडताळणी क्रमांकाने करता येते. तरीही 'यावर शिक्का कुठे आहे?' असे विचारणारा एखादा कारकून भेटतोच. त्याच्याशी नम्रतेने बोलावे. तोही जुन्या दफ्तरातच वाढलेला आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे मी मुद्दाम उदाहरणादाखल घेतले, कारण जुना कागद वेळेवर हजर करण्याचे मोल येथे फार स्पष्ट दिसते. पूर्वीच्या राजवटींत गावोगावी निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज असे दस्त तयार झाले, ज्यांत गावकऱ्यांनी कोणत्या जंगलातून सरपण, बांबू, चराई घ्यावी, पाण्याचा व वाटेचा वहिवाट हक्क कसा, याचा तपशील लिहिला गेला. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि सामूहिक दावे दाखल करणाऱ्या ग्रामसभांना या पिवळ्या पडलेल्या पानांची एकाएकी गरज पडली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्काची मान्यता मिळाली. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना मेंढ्यास यावे लागले. हक्क आणि हक्काचा कागद यांत किती अंतर असू शकते, हे त्या दीड वर्षाने दाखवले.

आता असे दस्त कोणीतरी अभिलेख कक्षातून नक्कल घेऊन फोनच्या कॅमेऱ्याने टिपतो, पीडीएफ करतो, ग्रामसभेच्या ग्रुपवर टाकतो, आणि पाच-दहा दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली ते गाडले जातात. ज्या अध्यक्षाच्या फोनमध्ये ते होते त्याने जागा भरली म्हणून ग्रुप साफ केला, की गेले. येथे दफ्तरदारीचा दुसरा नियम उपयोगी पडतो : आलेल्या कागदाला आपले नाव द्यावे आणि त्याच्या जागी हलवावे. गावाचे नाव, दस्ताचे नाव, साल, एवढे पुरे. एक सावधगिरी : गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, म्हणून तेथील गावांचे त्याआधीचे दस्त चांदा अगर चंद्रपूर या नावाखाली असतात. नाव देताना दोन्ही जिल्हे लिहावेत. शोधणारा उद्या कोणत्या नावाने शोधील हे आज सांगता येत नाही.

घराघरांतील अडचण याहून साधी आणि याहून बिकट आहे. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच, आणि तो मुलाचा. बापाचा सातबारा, आईचे आधार, बहिणीचा जातीचा दाखला, सारे त्या फोनमध्ये. आणि मुलगा शिकायला चंद्रपूरला किंवा नागपूरला गेला की घराचे दफ्तर त्याच्या खिशात बसून गेले. बँकेत बाप उभा असतो, फोन लागत नाही, मुलगा वर्गात असतो. या पुस्तिकेत त्याकरिता एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे : घरातील प्रत्येकाचे कागद निराळ्या फोल्डरमध्ये कसे लावावेत, त्यांची एक प्रत मेमरी कार्डावर अगर पेनड्राइव्हवर कशी घ्यावी, आणि २०१५ पासून चालू असलेल्या डिजिलॉकरमध्ये कोणते कागद ठेवता येतात. फोन बदलताना काय मागे राहते याचाही विचार तेथेच केला आहे. चुकून पुसलेल्या फाइलीविषयी एवढे येथेच सांगतो की गुगलच्या 'फाइल्स'मधून काढलेली फाइल तीस दिवस त्याच्या कचरापेटीत राहते, आणि कित्येकांचा जीव तेथे भांड्यात पडलेला आहे.

उघडण्याचे इतके कौतुक केल्यावर, न उघडण्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, सरकारी योजनेची यादी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ज्या फाइलीच्या नावाचे शेपूट 'एपीके' असे आहे, ती कागद नव्हे. ते फोनमध्ये घुसू पाहणारे अ‍ॅप आहे, आणि ते बसवून बँकेची खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. ओळखीच्या क्रमांकावरून आली तरीही ती उघडू नये, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच गेलेला असू शकतो. नावाचे शेपूट पाहण्याची सवय लागली म्हणजे शोधणे आणि वाचणे या दोहोंतही ती कामी येते.

पुस्तिकेची मांडणी कशी आहे हे सांगून मी रजा घेतो. पहिली दोन प्रकरणे अँड्रॉइड फोनांची आहेत, कारण आपल्या भागात बहुतेकांच्या हाती तेच आहेत. आयफोनला एक छोटे प्रकरण दिले आहे, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा कागद 'फाइल्स'मध्ये मुद्दाम साठवावा लागतो हे विशेष. चित्रे पुष्कळ आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत बटणांच्या जागा बदलतात, म्हणून चित्र जुळले नाही तर बटणावरचा शब्द पाहावा. वाचणाऱ्याने पहिले प्रकरण फोन हाती घेऊनच वाचावे, आणि आधी एखादा सातबारा अगर दाखला बाजारच्या गावी उतरवून आणलेला असावा. घरी नेटवर्क नसले तरी चालेल.